सोडलेली गाठ

विमानतळावरच्या तपासणीचं कौतुक करताय, म्हणून सांगतो. धाकट्या भावाच्या अस्थी आई आणि मी बंगळुरूहून प्रकाशा गावी तापीत सोडायला नेत होतो. तांब्याचा कलश, भावाच्या बायकोने लाल कापडात गाठ मारून बांधलेला. नदीपर्यंत तो उघडायचा नाही, ही आमची रीत. यंत्रात आतलं काही दिसेना.

जवान म्हणाला, "खोलो."

आईने कलश पोटाशी धरला. "मन्हा पोऱ्या शे त्यामा. गाठ सोडानी नही."

"तो फ्लाइट छोड़ो."

मी हात जोडले, तरी त्याने गाठ सोडून झाकण काढलंच. तेवढ्यात त्याच्या वरिष्ठ बाई आल्या. "खोला क्यों? बाहर से पट्टी घुमाकर मशीन में जाँच लेते!" स्फोटकं तपासायची ती पट्टी त्याच्यासमोरच होती.

तो आईला "सॉरी, माँजी" म्हणाला.

आईने कापड त्याच्यापुढे टाकलं. "ती गाठ मन्ही सूननी मारेल व्हती. आते तू मार तशी."