मन्याचं घर बघायला आले तेव्हा

“मन्याने मुलीकडच्यांना अनवाणी घालवलंन गो, आता ती सोयरीक…” एवढंच स्टँडवर कानावर पडलं आणि बोलणारीची एसटी सुटली. मी दोन दिवस संगमेश्वरला बहिणीकडे काय गेले, शेजारी एवढं घडलं. घरी पिशवीही न ठेवता मी थेट मन्याकडे गेले.

हा मन्या बाराही महिने व्हॅनमध्ये राहतो. झोपणं, रांधणं, ऑफिसचं काम, सगळं त्या गाडीत. त्यामुळे लांज्याची माणसं घर बघायला आली ती व्हॅनच बघायला.

“घालवलंस का रे त्यांना?”

“नाही हो काकू. मुलीचे वडील म्हणाले, घर छान आहे, पण समुद्र दिसत नाही. म्हटलं, दाखवतो. त्यांचे पोहे खाऊन होईपर्यंत गाडीच भाट्याच्या किनाऱ्यावर नेली. उतरायला गेले तर पायात काही नाही. रीतीप्रमाणे सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढलेल्या, म्हणजे इथे रस्त्यात. परत येऊन बघतो तर चारही जोड गायब.”

“आणि सोयरीक?”

“ती जुळली. वडील म्हणाले, मुलगा बरा आहे, आळी तेवढी चोरांची आहे.”

मी पिशवीतून घराची किल्ली काढली. त्या दिवशी संगमेश्वरला निघताना रस्त्यात चार जोड बेवारशी दिसले, म्हटलं कुत्री नेतील, म्हणून मीच ते उचलून माझ्या पडवीत ठेवले आणि कुलूप लावून एसटी गाठली.

तेव्हा पाहुणे अनवाणी गेले, हे खरं. मन्याने घालवलंन, हे मात्र साफ खोटं.