आपलं नेटवर्क पडतच नाही

शाल! अहो, शाल आणि नारळ दिला त्या यज्ञेशला, अख्ख्या स्टाफसमोर, आणि मी खाली बसून टाळ्या वाजवतोय! कशाबद्दल? तर ठाण्याच्या कॉलेजचं नेटवर्क बंद पडलेलं ते त्याने चालू केलं म्हणून! तुम्हाला सांगतो, एकाच संस्थेची दोन कॉलेजं, ठाण्याचं नेटवर्क त्याच्याकडे, डोंबिवलीचं माझ्याकडे, आणि आमच्यातल्याच एकाला दोन्हीकडचा हेड करणार... पण आपलं पडतच नाही ना!

बंद का पडलं ते विचारा की! कोणीतरी लोंबकळणारी वायर बघितली आणि ज्या स्विचमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या वायरी जोडतात त्या डब्यातून, ती आलेली त्याच स्विचमध्ये परत खुपसली. झालं! एक निरोप निघाला, तोच फिरून आला, परत निघाला, एकाचे शंभर झाले... सोसायटीच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ' फिरतं ना, तस्सं! अख्खं कॉलेज ठप्प. मग हा हिरो धावणार, बाह्या वर, दातांत टॉर्च, "काय टेन्शन नाय सर, झालाच समजा!" वायर उपटली, टाळ्या! अहो, उपटायला काय लागतं? कोणी खुपसली तरी काही होऊ नये, अशी सेटिंग करायला डोकं लागतं!

माझ्याकडे बघा. चार स्विच एकावर एक रचलेले, प्रत्येकाला जायला दोन-दोन वाटा. पावसाळ्यात उंदराने एक वायर कुरतडली, दुसरीने गपचूप काम उचललं... त्या उंदराशिवाय कोणाला पत्ता नाही! जळतो मी, हो, जळतो त्या यज्ञेशवर! मलाही वाटतं, कोणीतरी "अहो, लवकर चला!" करत माझ्याकडे पळत यावं. पण आपलं पडतच नाही ना!

आणि परवा, ऐका, परवा माझ्या डोळ्यांदेखत अकाउंट्सच्या समिधा मॅडमनी तीच करामत केली! "बरं दिसत नव्हतं हो लोंबताना," म्हणे, आणि खुपसली की वायर! मी ओरडायला तोंड उघडलं... आणि मिटलं. म्हटलं, पडू दे! एकदा तरी पडू दे! बाह्या वर केल्या, टॉर्च घेतला, दारात उभा राहिलो. आता प्रिन्सिपल सर ओरडत येतील, मग येतील... कसलं काय! मीच घालून ठेवलेली सेटिंग, तिने वायर खुपसलेलं तेवढं एक भोक, म्हणजे पोर्ट, बंद केलं आणि बाकी सगळं मस्त चालू! मॅडम विचारतात, "भरदुपारी टॉर्च कशाला हो?"

काल सरांनी केबिनमध्ये बोलावलं. हेड यज्ञेशच! वर मला म्हणतात, "देवेश, मनाला लावून घेऊ नका, थोडं शिकून घ्या त्यांच्याकडून. नेटवर्क बंद पडल्यावर काय करायचं, याचा तुम्हाला काही अनुभवच नाही!"

चांगलं सुनावणार होतो हो... पण बोलणार काय? खरंच नाहीये ना अनुभव!