उलट्या रेघा

हॅलो?… हो, मीच. अगं, सकाळपासून तीनदा फोन केला मी, उचलत का नव्हतीस?… बरं, बरं. ठमे, हातातलं काम ठेव आणि आधी बस.

काही झालेलं नाही. आजीच्या पुस्तकाचं विचारायचंय. छापखानेवाला चार वाजता पानं मशीनवर चढवतोय, आणि मला एक गोष्ट खटकलीय.

हो, मजकूर झाला सगळा. नाटक कंपनीचे पडदे रंगवत अकरा देश हिंडली ते. बोटीवरच्या आचाऱ्याचं चित्र काढलं आणि नाकावरची चामखीळ गाळली नाही, म्हणून त्यानं तिला आठवडाभर करपलेला पाव वाढला, ते… हो, तेही. सीमेवर कागद हरवले तेव्हा अधिकाऱ्याच्या आईचं चित्र काढून दिलं आणि सुटली… अगं ऐक ना. सत्तरीत घडीचं स्टूल घेऊन एकटी निघाली होती, तेही घातलंय. काही राहिलं नाही. मला चित्रांबद्दल बोलायचंय.

आजी जाण्याआधीची, शेवटची एकोणीस. मला पोस्टानं यायची ती… पत्ता तू लिहायचीस, माहितेय मला. चित्रं कोण काढायचं?

आजी काय आजी. ठमे, मी दिवसभर लोकांच्या चित्रांना फ्रेमा बसवते. मला शेंड्या लावू नकोस.

ऐक. आजी डावखुरी, बरोबर?… सावली भरताना तिच्या रेघा डावीकडून सुरू व्हायच्या आणि उजवीकडे खाली उतरायच्या. डावखुऱ्याचा हात तसाच चालतो. तिची जन्मभराची चित्रं टेबलावर पसरलीयत माझ्या, सगळी तशीच. आणि या एकोणीस चित्रांत रेघा उलट्या. उजवीकडून डावीकडे. म्हणजे उजव्या हाताच्या.

…एवढी चिडतेस कशाला?

तुझ्यावर आळ घेत नाहीये, फक्त विचारतेय… बरं, घेतेय. घेतेय आळ. घरात तुम्ही दोघीच होतात आणि तू उजव्या हाताची.

हो, आठवतंय. तुझ्या घोड्याला बाईंनी टेबल समजून दहापैकी सहा दिले होते. म्हणून तर मला वाटतं, तो वरच्या मजल्यावरचा ड्रॉइंग मास्तर. त्याच्याकडून काढून घ्यायचीस का?… रोज चहाला खाली यायचा, तूच सांगितलंयस… हसू नकोस. तो गाव सोडून गेला हे मला काय ठाऊक. कधी गेला?… खरंच सहा वर्षं झाली? कोणाला विचारलं तर हेच सांगतील ना?

मग सांग ना. ती चित्रं तिची नसतील तर काढून टाकेन. पुस्तक बारीक होईल, होऊ दे. पण दर तीन महिन्यांनी आजी माझ्यासाठी बसून काहीतरी काढते, असं मी पाच वर्षं धरून चालले होते. ते खोटं असेल तर मला आज कळू दे.

काय?… कोणाला शब्द दिला होतास?… थांब, थांब. ती तर बाथरूममध्ये घसरली होती ना? पाय मुरगळला म्हणाली होतीस.

…अर्धांगाचा झटका?

डावी बाजू?… हातही?… आणि मला म्हणे पाय मुरगळला. मी फोनवर तिला म्हटलं होतं, आजी, शेक घे. ती म्हणाली, घेते.

कोण म्हणालं सांगू नको म्हणून?… हो, त्याच आठवड्यात उघडलं होतं मी दुकान… “ताईला कळलं तर कुलूप घालून इथं येऊन बसेल.” असं म्हणाली?

बसले असते का, कोणास ठाऊक. आता म्हणायला काय जातंय.

म्हणजे उजव्या हातानं? एकोणनव्वदाव्या वर्षी?… किती महिने?… आठ. नुसत्या रेघा… भाजीच्या कागदी पिशव्यांवर… पेन्सिल पडली की तू उचलून द्यायचीस… शिव्या? कोणाला?… उजव्या हाताला. काय म्हणायची?… “इतकी वर्षं नुसतं बसून खाल्लंस.” …हो, तिचंच बोलणं हे. तू काय रचणार असलं.

ठमे, माफ कर गं… नाही, म्हणू दे मला. सकाळपासून तुला चोर ठरवून बसले होते. उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती तुझ्यासाठी.

हो, छापणार. सगळीच्या सगळी. खाली लिहिते ना, उजव्या हातानं काढलेली… काय विचारलंस?

…

नाही, बरोबर विचारतेयस. चित्रं पाच वर्षं माझ्याकडेच होती. मग रेघा आजच कशा दिसल्या.

पाकीट फोडायचे मी, ठमे. प्रत्येक फोडायचे. एक नजर टाकायची, तिला फोन करून छान झालंय म्हणायचं, आणि खणात. दुकानात गर्दी असायची… म्हणजे, असायचीच असं नाही.

कोण, आजी?… तुला विचारायची? काय?… “ताईनं ओळखलं का?”… दर वेळी?… आणि तू?

…“नाही” म्हणायचीस. आणि ती खूश व्हायची?… “फ्रेमवालीच्या डोळ्यालासुद्धा कळलं नाही, म्हणजे हात जमला.” असं म्हणायची.

नाही गं. जमला नव्हता. पहिल्या चित्रातला दीपस्तंभ तर पार कलंडलाय. पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं. मी पाहिलंच नव्हतं.

…हो, ऐकतेय… नको, येऊ नकोस. ठेवते. छापखान्यात फोन करायचाय.