केकचा डबा

हॅलो?… हो आई, मीच. काय सांगू, आज तुझी हाक अगदी तशी वाटली, मी लहान असताना गच्चीच्या दारातून मारायचीस तशी. 'निवायच्या आत या गं पोरींनो…' काही नाही, आपलं आठवलं.

केक? पोहोचला ना. कालच… हो, हो, नीट आला. …संपला. सगळा. एका बैठकीत. अगं ऐक ना, आता दुसरा नको पाठवूस. …नको म्हणते ना.

डबा? टाकून दिला. …माहितीये, मावशीचा होता. …नाही गं, धुण्यासारखा राहिला नव्हता. आई, तू जेवत तर नाहीस ना? …मग ऐक. पण बाबांना ऐकवू नकोस.

इथे हॉस्टेलवर पोरी केक खात नाहीत. चावतात. …नुसता चावतात. चव घ्यायची, डोळे मिटायचे आणि थुंकून टाकायचा. गिळला नाही तर अंगाला लागत नाही म्हणे. …हो, डब्यातच. तुझ्याच. चौघी भोवती बसलो… बसल्या. मधे तो डबा. अक्रोड, लाळ, सगळा लगदा. आणि ती, जिला आम्ही काडी म्हणतो, अगं खिडकीपाशी झोपते ती, तिने झाकण लावून पलंगाखाली सरकवला. सकाळी उघडला तर… शी. नाकातून जात नाही अजून तो वास.

वॉर्डनबाई? त्या काय बोलणार? रोज आमच्याच वजनकाट्यावर उभ्या राहतात, चपला काढून, श्वास रोखून. …हसू नकोस.

फोटो? कुठला?… हो, बारीक दिसतेय. …काकू म्हणाली? काय?… 'आता कशी नाकीडोळी नीटस दिसते.' वा. आधी काय मला नाक नव्हतं? …किळस येते आई, या बोलण्याची. माणूस दारात आला की आधी कंबर मोजायची. तूही… हो, तूही. परवा फोनवर पहिलं काय विचारलंस? वजन. जेवलीस का, ते नंतर.

…नाही, रडत नाहीये.

मी कुठे होते म्हणजे? खोलीतच… आई, उलटतपासणी नको गं. …हो. घेतला. एक तुकडा. …बरं, दोन.



…नाही. मीही नाही गिळला.

थांब, बोलू दे. आज सकाळी खाणावळीत एकटीच बसले होते. साधा भात घेतला. कुणी बघत नव्हतं. खरंच खायचा होता गं मला. चावत राहिले… चावत राहिले… हातात रुमाल कधी आला, कळलंच नाही. …पाणी जातं. दूध जातं. घास जात नाही.

आई… गिळायचं कसं, तेच विसरलेय मी.