हबश्याचे केस

आमचं गाव भूम तालुक्यात, ईट गावाच्या पल्याड दोन कोसावर, नाव नका लिहू, माणसं अजून हायेत तिथं आन मला बी जावं लागतंय लग्नकार्याला. बौद्धवाड्यात वाढलो म्या. सगळ्या वाड्यानं धम्म घेतला तवा म्या मायच्या मांडीवर व्हतो. बाप, म्हंजे आबा, चेअरमनच्या शेतात सालगडी. त्यांना तवा चेअरमन म्हणत नव्हते, दूध सोसायटी मागून निघाली, पण गाव आता त्याच नावानं वळखतंय म्हून म्या बी तसंच सांगतो.

तर केस. माझ्या मायच्या मायला तसले केस व्हते म्हणं, तिच्यावरून माझ्यावर आले. साधे कुरळे न्हायत, घट्ट, इतके घट्ट की बोट घातलं तर आत अडकायचं. माय करडीचं तेल थापायची, दाबून दाबून बसवायची, वरून फडकं बांधून निजवायची, सकाळी फडकं सोडलं की केस पुन्हा उभे. माय म्हणायची, तुझे केस कुणाचं ऐकत न्हायत रे बाबा. हसायची, पण तिला बी त्याची शरम वाटायची, मला ठाऊक हाय, पाव्हणे आले की म्हणायची टोपी घाल.

गावात एक म्हातारा व्हता, निजामाच्या टायमाला हैदराबादेत नोकरीला व्हता, तिथं त्यानं निजामाचे हबशी शिपाई बघितले व्हते. त्यानं एकदा पारावरून मला बघितलं आन हाक मारली, ए हबशी, इकडं ये. बस, तेवढंच. त्या दिवसापासून माझं सुदाम नाव गेलं. पोरं हबशी, मास्तर हबशी, माय विहिरीकडं निघाली की हबश्याची माय. हबशी म्हंजे काय ते मला ठाऊक नव्हतं, काळं कायतरी, हसण्यासारखं कायतरी, एवढंच कळायचं. काय सांगू तुम्हाला, माणसाला शिवी कळली तर तिचं उत्तर देता येतंय, न कळलेल्या शिवीचं काय करायचं.

मॅट्रिक झालो आन कालेजसाठी धाराशिवला बोर्डिंगात गेलो, तवा उस्मानाबादच म्हणायचे. तिथं अशोक म्हून दोस्त मिळाला, माझ्यापेक्षा एक वर्गानं म्होरं, इंग्रजी फाडफाड वाचायचा. एकदा वाचनालयात एक जुनं इंग्रजी मासिक चाळत बसलो आन एका पानावर थांबलो. पोरं-पोरी उभी व्हती, काळीभोर, आन डोस्क्यावर माझे केस. माझेच. पण दाबलेले न्हायत, तेल न्हाय, टोपी न्हाय, गोल वाढवलेले, सूर्यफूल फुलल्यागत, आन मान अशी वर. म्या अशोकला बोलावलं, म्हटलं ह्याच्या खाली काय लिवलंय ते वाच. त्यानं वाचलं. हे अमेरिकेतले लोक, ह्यांच्या आजा-पणज्यांना आफ्रिकेतनं जहाजात कोंबून आणलं, बाजारात इकलं, कापूस येचायला लावलं, आन गुलामी सुटल्यावर बी लोक ह्यांच्या केसाला हसायचे म्हून हे तापल्या लोखंडानं केस सरळ करायचे, टाळू भाजायची. आता ही पोरं म्हणत्यात, न्हाय करणार, हे आमचं हाय. म्या म्हटलं पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. मग अशोकच म्हणाला, गावात तुला हबशी म्हणतात न्हवं, ते ह्यांच्या आजा-पणज्यांच्याच मुलखातले, आफ्रिकेतले लोक.

त्या दिवसापासून तेल बंद. अशोकनं सायकलीच्या तारा लाकडात ठोकून मला एक फणी करून दिली, लांब दाताची, तिच्यानं केस खालून वर उचलायचे. आता म्या फॅशन म्हून केलं न्हाय असं सांगितलं तर ते बी खोटं, अठरा वर्साचं पोरगं, आरशात बघायचोच की. पण पहिल्यांदा बघत व्हतो आरशात, मान खाली न घालता, तेवढं खरं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बोर्डिंगाचा भात बंद झाला, पोरं आपापल्या गावाला गेली, म्या बी आलो. तलावाच्या कामावर खडी फोडायची, मिलोची, सरकारनं वाटलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकर खायची. केसात सगळी धूळ बसायची, बाया म्हणायच्या सुदामा, डोस्क्यावर ज्वारी पेर, येईल. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पण चेअरमननं आबाला बोलावून घेतलं. म्हणाले, गावाला प्यायला पाणी न्हाय आन तुझ्या पोराला डोस्क्यावरचं टोपलं धुवायला बादली लागती व्हय. म्या बादली कवा वापरली, चार दिवसांनी तांब्याभर पाणी मिळायचं. पण पाण्याचं निमित्त व्हतं हो. त्यांच्यासमोरून जाताना आमच्या माणसानं टोपी काढायची, वाकायचं, अशी रीत, आन माझ्या डोस्क्यावर टोपी बसतच नव्हती, मग काढणार काय, आन वाकलो तरी त्या केसानं वाकल्यासारखं दिसायचं न्हाय.

एके सकाळी आबा म्हणाले, चल माझ्यासंगं सोसायटीवर. दूध घालायला माणसं रांगेत उभी, चरव्या घेऊन, दुष्काळातलं दूध ते केवढं असणार. चेअरमन खुर्चीवर पेपर वाचत बसलेले. ओट्याखाली दगडूनाना न्हावी, धोकटी सोडून. आता तुम्हाला सांगतो, गावचा न्हावी आमच्या वाड्यातल्या माणसाला कवाच हात लावायचा न्हाय. आमची डोस्की आमीच भादरायचो, एकमेकांची. म्हून मला आधी कळलंच न्हाय की नाना कुणासाठी बसलाय.

आबा म्हणाले, बस.

म्या आबाकडं बघितलं. आबा भुईकडं बघत व्हते. म्या म्हटलं, आबा, म्या काय केलंय.

बस लेका. साल मोडतील ते माझं.

आबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाबला न्हाय, नुसता ठेवला, आन म्या बसलो. गावच्या न्हाव्याचा हात जल्मात पहिल्यांदा माझ्या डोस्क्याला लागला तो असा. वस्तरा बी त्यानं टाकाऊ आणला व्हता, माझ्यानंतर फेकून द्यायचा म्हून. बोथट व्हता, दोन जागी कापलं. चेअरमननं पेपरातनं मान वर केली न्हाय. एकदा बी न्हाय. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, बरं झालं रं, डोस्कं हलकं झालं. वारा सुटला आन केस उडून सोसायटीच्या ओट्यावर जायला लागले तवा आबा लगबगीनं वाकले, डोस्क्याची टोपी काढून तिच्यात माझे केस गोळा करायला लागले. ते मला आजबी बघवत न्हाय. माझं भादरलेलं दिसत न्हाय मला, आबा दिसतात.

आबाला म्या त्यानंतर कवा काय बोललो न्हाय त्याच्याबद्दल, त्यांनी बी काढलं न्हाय. फणी मायनं कुठं ठेवली, इचारली न्हाय. केस पुन्हा आले, पण टोपीखाली बसतील एवढेच ठेवले. कालेज बी राह्यलं ते राह्यलंच.

पाच-सहा वर्सं गेली. चेअरमनचा पोरगा, रणजित, शाळेपासनंच पुण्याला शिकायला व्हता, तो सुट्टीला आला. एस्टीतनं उतरला आन गाव बघतच राहिलं. डोस्क्यावर गोल केस. मूळचे त्याचे सरळ, आईसारखे, पण पुण्यात मशीनवर कुरळे करून आणले व्हते, औषध लावून. गळ्यात लाकडी मणी, अंगात रंगीबेरंगी सदरा. लोक म्हणाले, काय झाक दिसतंय आपलं रणजितदादा. दगडूनाना म्हणाला, असले केस राखाया नशीब लागतंय. पोरांनी चिमटे तापवून आपले केस जाळून घेतले त्याच्यासारखं करायला. चेअरमन पोराकडं बघून हसायचे, म्हणायचे नवी पिढी हाय, आपण काय बोलणार.

रणजितदादा वाईट माणूस नव्हता, हे लिहून घ्या. मला वाटंत थांबवून म्हणाला, सुदाम, तू लहानपणी कसला दिसायचास, मी पुण्यात सगळ्यांना तुझं सांगायचो. कौतुकानं म्हणाला हो. म्या टोपी सारखी केली आन हसलो.

पुढं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, म्या गव्हाणीवर लागलो, ऊस टाकतात ना मशीनीत तिथं, सिझनल. रणजितदादा संचालक झाला, केस तसेच, दर दोन-तीन महिन्याला सोलापूरला जाऊन कुरळे करून यायचा. आन एका सिझनला निरोप आला की आफ्रिकेतले एक साहेब सहकार बघायला येणार, त्यांच्या देशात असाच कारखाना काढायचाय. सगळी रंगरंगोटी. संध्याकाळी पाव्हण्याच्या सन्मानार्थ कार्यक्रम. रणजितदादानं पोरं गोळा केली, हबशी डान्स बसवायचा म्हणाला, पाव्हण्याला घरच्यासारखं वाटलं पाहिजे. मला बोलावलं. म्हणाला, तुला तर काजळी बी लावायची गरज न्हाय, आन टोपी काढली की झालं. म्या म्हटलं पोट दुखतंय. न्हाय म्हणायला पाहिजे व्हतं, पोट दुखतंय म्हटलं. यंदा पर्मनंट करणार म्हणत व्हते.

म्या बायकोला घेऊन मागं बसलो व्हतो. पाव्हणे पुढच्या रांगेत, वयस्कर, बारीक कापलेले केस, साधी पँट, साधा पांढरा सदरा, इस्त्रीचा. मग पोरं आली. तोंडाला काजळी, कंबरेला उसाचं पाचट बांधलेलं, हातात भाले, आन ऊऊ करत उड्या मारायला लागली, मधी रणजितदादा, गोल केस, काळं तोंड. माणसं हसून हसून बेजार. टाळ्या पडल्या. पाव्हण्यांनी बी टाळी वाजवली, हळू, दोनदा. मग त्यांनी मान वळवून मागं बघितलं, असं कुणाला तरी हुडकल्यागत, आन एवढ्या माणसात त्यांची नजर माझ्यावर थांबली. माझी टोपी मांडीवर व्हती, उकाडा व्हता. बायको म्हणाली, तुमच्याकडंच बघत्यात हो. मला वाटलं भुईनं पोटात घ्यावं. त्यांनी काय समजलं असंल, ह्यो आमच्यातला कोण इथं, आन हसत व्हता का.

सकाळी ते गव्हाण बघायला आले. सोबतचे साहेब फोनला गेले तवा ते माझ्याजवळ थांबले. माझं इंग्रजी मोडकं, पण म्या म्हटलं, सॉरी, साहेब. त्यांनी इचारलं, कशाबद्दल. म्या म्हटलं, काल. ते म्हणाले, आमच्याकडं असं कुणी नाचत न्हाय. त्या पोरांनी कुणाला इचारलं का, आम्ही कसं नाचतो म्हून? म्या म्हटलं, न्हाय. मग त्यांनी माझ्या डोस्क्याकडं बोट केलं, म्हणाले हे कुणाचं. म्या म्हटलं आईच्या आईचं. ते हसले, चांगलं मोकळं हसले. म्हणाले, मिशनच्या शाळेत असताना गोरे मास्तर दर सोमवारी आमची डोस्की भादरायचे, म्हणायचे घाण हाय. तवापासून वाढवायचा धीरच झाला न्हाय.

मला सांगायचं व्हतं हो त्यांना. सगळं सांगायचं व्हतं, सोसायटी, नाना, आबाची टोपी, मासिकातली पोरं. जिभेवर आलं. पण एवढं इंग्रजी कुठनं आणू, आन मराठीत तरी कुणाला सांगितलं व्हतं म्या. नुसतं म्हटलं, येस साहेब. ते हात मिळवून गेले.

त्यानंतर लई इचार केला म्या. रणजितदादानं चित्र बघून केस केले, म्या बी चित्र बघूनच केले, मग मला राग कशाचा यावा. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण चित्राखाली काय लिवलंय ते त्यानं कुणाला इचारलं न्हाय, आन नळाखाली तोंड धुतलं की तो पुन्हा रणजितदादा व्हत व्हता. म्या कुठं धुणार. तरी सांगतो, रागापेक्षा शरमच जास्त वाटली, आन ती बी माझीच मला, त्याला कवा वाटली न्हाय.

आता म्या भूमला ऱ्हातो, लेकाकडं. पर्मनंट झालो व्हतो, रिटायर झालो. परवा दवाखान्यात नंबर लावून बसलो तर शेजारी रणजितदादा येऊन बसला. सगळं टक्कल पडलंय आता. मला अहो-जाहो करतो, सुदामराव म्हणतो, काळ बदलला. माझ्या पिकल्या केसाकडं बघून म्हणाला, ह्या तालुक्यात तसले केस राखणारे आपण दोघंच हो सुदामराव, काय दिवस व्हते. मग म्हणाला, तुमचे तर माझ्या आधीपासून व्हते. तुम्ही का काढले मग?

म्या त्याच्या तोंडाकडं बघितलं. खरंच ठाऊक नव्हतं त्याला. तो तवा पुण्यात व्हता, घरात कुणी सांगितलं नसणार, सांगण्यासारखं काय घडलंय असं वाटलंच नसंल कुणाला.

म्या म्हटलं, दुष्काळातला उन्हाळा व्हता.

तो म्हणाला, व्हय, त्या साली लई कडक पडला व्हता म्हणं. मग त्याचा नंबर आला, त्याला गुडघ्याचं दुखणं हाय, उठताना त्रास झाला, म्या हात दिला. बरा होवो बिचारा.