अन की डिस

…नाही, पण मी म्हणतो, त्या मॅडमना सरळ 'पसारा' लिहायला काय झालं होतं? पसारा म्हटलं की काम भागतं, कोणी केला ते बोलणाराच्या आवाजावरून ज्याचं त्याला कळतं, घरोघरी रोज वापरतात हा शब्द आणि त्यापायी कोणाची बढती अडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण नाही, शेरा इंग्रजीतच हवा. आणि त्या एका शेऱ्यापायी आमच्या सासरी तीन आठवडे कोणी कोणाशी धड बोललं नाही, जेवायला बसलं की नुसता वाट्या सरकवल्याचा आवाज. दोन अक्षरं हो, तुम्हाला सांगतो, फक्त दोन अक्षरं.

झालं असं, की आमचे साडू, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहेत. माणूस इतका टापटिपीचा की घरात घालायच्या बनियनलासुद्धा इस्त्री. जमिनीखालून कुठला नळ कुठून जातो त्याचे नकाशे ठेवायची एक खोली आहे तिथं, ती गेल्या वर्षी त्यांच्या ताब्यात आली. आणि त्यांच्या आधी ती एकतीस वर्षं कोणाच्या ताब्यात होती? आमच्या सासऱ्यांच्या. म्हणजे त्याच ऑफिसात आधी सासऱ्यांनी साडूंना हेरलं, मग घरी येऊन मेव्हणीला विचारलं, असा तो सगळा प्रकार.

तर तपासणीला नव्या इंजिनिअर मॅडम आल्या. दारातून आत पाऊल टाकलं, दोनदा शिंकल्या, फळ्यांवर, कपाटावर, कपाटामागे, टेबलाखाली नकाशांच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या बघितल्या आणि लिहून टाकलं, 'नकाशाघर डिसऑर्गनाइज्ड आहे.' खाली साडूंची सही घेतली. साडूंनी केलीही बिचाऱ्यांनी, त्यांना वाटलं धूळ फार आहे एवढंच म्हणतायत.

पण ऑफिसात एक टायपिस्टबाई आहेत, त्यांचं इंग्रजी चांगलं आणि तोंड त्याहून चांगलं. त्या म्हणाल्या, "साहेब, हे 'डिस' लिहिलंय. 'अन' असतं तर गोष्ट वेगळी होती."

"फरक काय पडतो?"

"अनऑर्गनाइज्ड म्हणजे मुळात कधी लावलेलंच नव्हतं. डिसऑर्गनाइज्ड म्हणजे आधी नीट लावलेलं होतं, मग कोणीतरी विस्कटलं."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

यावर बाई चष्मा पुसत बसल्या. आता सांगा, त्या खोलीची किल्ली वर्षभर एकाच माणसाच्या खिशात… विस्कटायला काय मांजर येणार आहे? साडूंच्या पायाखालची जमीनच सरकली. आयुष्यात ज्यानं चमचा चमच्यांत आणि काटा काट्यांत ठेवला, त्याच्या सेवापुस्तकात विस्कटणारा म्हणून नोंद, आणि तीही बढतीच्या वर्षी.

गेले मॅडमकडे. म्हणाले, "मॅडम, एवढं 'डिस' काढून 'अन' करता का?" मॅडम स्वभावानं वाईट नाहीत हं, पण नियमाच्या पक्क्या. म्हणाल्या, "करते की. मुळातच काही लावलेलं नव्हतं असं लेखी द्या."

आणि इथं आमच्या साडूंची अक्कल चरायला गेली. त्यांनी लिहिलं, हो, स्वच्छ अक्षरात लिहिलं, की 'माझ्यापूर्वी एकतीस वर्षांत या खोलीत कसलीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती.' एक प्रत मॅडमना दिली आणि कच्चा कागद ठेवला शर्टाच्या खिशात. आता शर्ट धुवायला टाकताना खिसे कोण तपासतं? मेव्हणी. आणि मेव्हणी मुलगी कोणाची?

रविवारी आम्ही सगळे सासरी जेवायला. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, चावून चावून गिळला, आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, अन म्हणजे काय हो?"

साडूंच्या हातातला पाण्याचा पेला हातातच राहिला. "ते… ते इंग्रजीत असतं बाबा."

"म्हणजे एकतीस वर्षं मी तिथं माशा मारत होतो."

"तसं नाही बाबा. पण डिस म्हटलं तर मी विस्कटलं असा अर्थ होतो."

"मग तोच बरोबर आहे."

मेव्हणी एकदा नवऱ्याकडे बघतेय, एकदा वडिलांकडे. सासूबाई म्हणाल्या, "अहो, चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, हे तुमचं. कशाला जेवताना वाद घालता?" झालं, सासऱ्यांचा पारा आणखी चढला. ते माझ्याकडे वळले. "धाकटे जावई, तुम्ही सांगा. अन की डिस?" आता मी कापडदुकानात काम करणारा माणूस, मला मीटर आणि वार कळतात. मी म्हटलं, "भाजी छान झालीय." आमच्या हिनं टेबलाखालून असा पाय मारला की भाजीची चव गेली. दोन अक्षरं, आणि लाथ मला.

सासरे न जेवता उठले. साडूंनी तीन आठवडे त्या घरात पाऊल टाकलं नाही. मेव्हणी एकटी यायची, एकटी जायची, आणि माझ्यादेखत सासूबाईंना म्हणाली, "आई, घरी ते बोलत नाहीत, इथं बाबा बोलत नाहीत. मी बोलायचं कोणाशी?" मी वर्तमानपत्र उघडलं. उलटं धरलंय ते मागाहून कळलं.

आणि मग एका मंगळवारी सकाळी मोठ्या चौकात मेन लाइन फुटली. पाणी असं उसळलं की बेकरीवाल्याच्या भट्टीत पाणी, शिंप्याच्या दुकानात पाणी, शिंपी मशिनवर चढून बसलेला. मुकादम ओरडतोय, व्हॉल्व्ह कुठाय, नकाशा आणा. साडू गुंडाळ्या उलगडतायत, एक, दोन, चाळीस… स्मशानाच्या बाजूची लाइन सापडली, शाळेची सापडली, चौकाची काही सापडेना. मॅडम दारात उभ्या. हातातली वही उघडलेली.

शेवटी साडूंनी फोन उचलला. पलीकडे सासरे. इतक्या दिवसांनी काय बोलायचं? साडू म्हणाले, "बाबा, चौक फुटलाय."

"आलो," म्हणाले सासरे, आणि फोन ठेवला.

घरातल्या चपला घालूनच आले, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. आत शिरले, नंबर नाही बघितला, चिठ्ठी नाही बघितली, सरळ खिडकीजवळच्या कपाटामागे हात घातला आणि गुंडाळी बाहेर. हीच ती, चौकाची. मुकादम ती घेऊन पळत सुटला.

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"चौक खणला तेव्हा आमच्या थोरलीला कावीळ झाली होती. दवाखान्यातून माणूस येतोय का ते बघत मी खिडकीशी बसून नकाशा पुरा केला. तिथंच केला, तिथंच ठेवला." मग बोट फिरवत म्हणाले, "ही वरची रांग आई गेली त्या वर्षाची. टेबलाखालचे धाकटीच्या लग्नाच्या गडबडीतले."

"हे कुठं लिहून ठेवलंय?"

"लिहायचं कशाला? मी होतो की."

साडू खाली फरशीवर बसले होते, चाळीस नकाशांच्या मधोमध. थोरली म्हणजे त्यांची बायको हो. वर्षभर ते ज्याला अडगळ म्हणत होते, त्यात तिचं आजारपण ठेवलेलं होतं. उठले, मॅडमना म्हणाले, "मी लिहून दिलेला तो कागद मला परत द्या. आणि मॅडम, मग खरं काय म्हणायचं? अन की डिस?"

मॅडम म्हणाल्या, "व्यवस्था होती. ती यांच्याबरोबर रिटायर झाली. याला मला शब्द माहीत नाही."

त्यानंतर चार महिने सासरे रोज अकराला ऑफिसात. ते सांगायचे, साडू लिहायचे. मधेच सासरे म्हणायचे, "हे नको लिहू, हे घरचं आहे," आणि साडू पेन थांबवायचे. गुंडाळ्यांना नंबर आले, फळ्यांना नावं आली, भिंतीवर यादी आली. मॅडमनी नवा शेरा दिला, चांगला, अनही नाही आणि डिसही नाही. सासऱ्यांनी खोली डोळे भरून पाहिली, सवयीनं खिडकीशी हात घातला, तर हाताला कोरी भिंत. मग यादीपाशी गेले, बोट लावून चौक शोधला, आणि म्हणाले, "हं. कोणालाही सापडेल आता." हे कौतुक होतं की काय होतं, साडूंना अजून कळलेलं नाही.

बढती मिळाली हो, मिळाली. साडूंना सामानाचं गोदाम दिलं, मुख्य म्हणून. पहिल्या दिवशी कुलूप काढलं तर दार अर्धंच उघडलं, आतून नळाचे तुकडे, तोट्या, फुटके मीटर अंगावर यायला लागले. मॅडम मागे वही उघडून उभ्या. साडूंनी शिपायाला हळूच विचारलं, "माझ्या आधी इथं कोण होतं?"

आमच्या सासूबाईंचे सख्खे भाऊ. बावीस वर्षं.

साडूंनी दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "लिहा मॅडम, मीच विस्कटलंय."