तेल लावलेला ब्रेक

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. जो आपल्याला अडवतो, त्याचं आपण ऐकतो, की नुसती त्याची पूजा करतो? लगेच उत्तर देऊ नका. काहींच्या घरची माणसं शेजारीच बसली आहेत! आधी गोष्ट ऐका.

पाचगणीत यशवंतराव पिसाळ राहतात. नोकरी वाईला, बँकेत. म्हणजे रोज घाट उतरायचा, रोज चढायचा. माणूस सज्जन, पण गाडीत बसला की वारा! शेजारी पत्नी, कुंदाताई. त्या प्रत्येक वळणाला म्हणायच्या, "अहो, सावकाश." आणि हे म्हणायचे, "तू माझी लक्ष्मी आहेस गं. तू शेजारी असताना मला काय होतंय?"

वेग? वेग तोच!

इथं पुढं बसलेले दोघं हसले, ते पाहिलं मी.

शेवटी कुंदाताईंनी त्या गाडीत बसणंच सोडलं. वाईला जायचं तर एसटीनं. हे मात्र यशवंतरावांना लागलं. रोज शेजारची जागा रिकामी — घाट संपता संपेना. गेले रज्जाकभाई मेस्त्रींकडे. म्हणाले, "भाई, असे ब्रेक बसवा, की घरची मंडळी परत गाडीत बसली पाहिजे."

भाईंनी पुढच्या दोन्ही चाकांना नव्या डिस्क बसवल्या — आरशासारख्या लखलखीत. पॅडही नवे, भारीतले. आणि बजावलं, "साहेब, पॅड या डिस्कला घासतो, तेव्हा गाडी थांबते. तिला हात लावू नका. बोटाचं तेलसुद्धा नको."

"हो हो," म्हणाले. कसं म्हणाले? आपण डॉक्टरांना म्हणतो ना, तसं!

दुसऱ्या दिवशी दसरा. कुंदाताई म्हणाल्या, "एवढा खर्च केलात, तर आज येते वाईला." यशवंतरावांच्या आईसुद्धा निघाल्या, लेकीकडे सोनं द्यायला. यशवंतरावांचा आनंद काय सांगू! गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. आणि चाकाच्या फटीतून ती डिस्क दिसली. अंगावर शहारा आला हो. आज हत्यारांची पूजा असते, मग हिची नको? वाटीत तेल घेतलं, हळद कालवली, दोन्ही डिस्कना फटीतून बोटं घालून पट्टे ओढले, वर कुंकू!

कुंदाताई म्हणाल्या, "अहो, भाईंनी हात लावू नका सांगितलंय."

"दसऱ्याला तेल नाही लावायचं, तर कधी?"

बाजारात गर्दी होती, गाडी बैलगाडीच्या चालीनं गेली, काही कळलं नाही. मग घाट लागला. पहिलं वळण. यशवंतरावांनी पाय दाबला — गाडी चाललीच! अजून दाबला. गाडी म्हणे, तुम्ही पूजा केलीत, आता दर्शन घ्या! खाली दरी. मागं आईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. यशवंतरावांनी गिअर खाली आणला, अजून खाली, हँडब्रेक ओढत ओढत गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला घासत नेली. थांबली. समोरच्या कठड्यापासून चार हातांवर.

यशवंतरावांनी भाईंना फोन लावला.

भाई मोटारसायकलवरून आले. पुढची चाकं काढली, डिस्क पाहिल्या, सगळं समजलं. तेल प्यायलेले पॅड काढून बाजूला ठेवले, दोन्ही डिस्क पुसून पुसून कोरड्या केल्या आणि दुसरे पॅड बसवता बसवता म्हणाले, "साहेब, ही देव्हाऱ्यातली नाही. तिनं घासलंच पाहिजे. तेल लावलं, की बिचारी गोड होते — आणि कामातून जाते."

तेव्हा कुंदाताई हळूच म्हणाल्या, "माझंही वीस वर्षं हेच झालं. मी सावकाश म्हटलं, की तुम्ही लक्ष्मी म्हणायचात."

आई लेकाला म्हणाल्या, "ऐकलंस ना? मग चल आता."

गाडी निघाली. पुढच्या वळणाला कुंदाताई म्हणाल्या, "अहो, सावकाश." आणि यशवंतराव एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी गाडी सावकाश घेतली.

मंडळी, घरात कुणी अडवणारं आहे ना? आई, बायको, मुलगी, आतून बोलणारा देव? त्यांना हळद-कुंकू लावून मोकळे होऊ नका. थोडं घासलं जाईल, घासू द्या.

आता कीर्तन संपलं, की तुम्ही माझ्या गळ्यात हार घालाल, पाया पडाल, 'बुवा, काय सुंदर बोललात' म्हणाल. घाला हार. पण बाबांनो, तेल पुरे! मी इथं उभा आहे तो तुम्हाला अडवायला. उद्या सकाळी पहिल्या वळणाला माझी आठवण झाली, तर मला माझा हार मिळाला.

उचला टाळ, घ्या नाम.